निरोपावरची खूण

हरिओमचा फोन आला तेव्हा सुकन्या उंदराच्या फुफ्फुसाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसली होती. काप वाईट निघाला होता, कडा फाटल्या होत्या, आणि ती मनातल्या मनात कुणालाच न उद्देशून चिडलेली होती. फोन घेतला तर पलीकडे कुणाचं तरी खोकणं, चपलांचे आवाज, आणि त्यात धाकट्या भावाचा एकदम सपाट झालेला आवाज. "अक्का, बापू सिरीयस हायत. लातूरला आणलंय. तू निघून ये." बस्स, वडिलांबद्दल एवढंच. तिनं हातमोजा काढला. मग म्हणाली, "मी येईपर्यंत काही करू नका." तो म्हणाला, "न्हाई करत. तू ये." फोन ठेवला. ती पुन्हा सूक्ष्मदर्शकात बघू लागली, पण आता नुसतं गुलाबी आणि जांभळं दिसत होतं. शेजारच्या टेबलावरची गीतांजली म्हणाली, "काय गं?" सुकन्या म्हणाली, "बापू गेले." "अरे देवा. कोण म्हणालं?" "भावाचा फोन होता. सिरीयस आहेत म्हणाला." गीतांजली हिमायतनगरची, म्हणजे इकडचीच, त्यामुळे तिला यापुढे काही सांगावं लागलं नाही. ती उठली, जवळ आली आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली. पुण्याकडची कुणी असती तर म्हणाली असती, मग अजून आहेत की, लवकर जा.

या भागात मरणाची खबर फोनवर कुणी देत नाही. गेलेला माणूस लेकीबाळी जमेपर्यंत सिरीयस असतो. अंगणात बांबू येऊन पडले, मडकं आलं, गुलाल आला, तरी फोनवर तो सिरीयसच असतो. रस्त्यात लेकीला काही होऊ नये म्हणून ही माया, असं म्हणतात. असेलही. सुकन्याला त्या मायेचा तडाखा एकदा बसला होता. लातूरला अकरावीला होती, डॉक्टर व्हायला तालुक्यातून पाठवलेल्या शेकडो पोरींतली एक. वसतिगृहाच्या बाईंनी बोलावून सांगितलं, तुझे श्रीमंतमामा सिरीयस आहेत, निघ. तिनं ते शब्द जसेच्या तसे घेतले. स्टँडवर मोसंब्या घेतल्या, चांगल्या निवडून, दाबून बघून. एसटीत बसून मामाला काय काय सांगायचं याची उजळणी केली, चाचणीतले मार्क, मैत्रिणींची नावं. गावात उतरली तेव्हा लोक तिच्याकडे न बघता जाळीच्या पिशवीकडे बघत होते. उचलून झालं होतं. माणसं नदीवरून आंघोळ करून परतत होती. मामीनं गळ्यात पडून हंबरडा फोडला, आणि कुणीतरी बाईनं मधूनच हात घालून ती पिशवी काढून घेतली आणि कणगीमागं सरकवली. मामा गेल्याचं दुःख तिला नंतर कधीतरी झालं. त्या दिवशी झाली ती लाज, अडाणीपणाची लाज. सगळ्या जगाला जो शब्द वाचता येतो तो आपल्याला वाचता आला नाही. आणि तोंड तर दिसलंच नाही. म्हणून आज तिच्या तोंडून ते वाक्य आपोआप निघालं. मी येईपर्यंत उचलू नका, असं म्हणायची जीभ झाली नाही. काही करू नका, असं म्हणाली.

मेलेल्या माणसाकडे जायला घाई नसते. तिनं पेशींचं पाणी बदललं, कारण आज बदललं नसतं तर महिन्याचं काम गेलं असतं. पिंजऱ्यांकडे बघायला गीतांजलीला सांगितलं. हे सगळं करताना आपण किती शांत आहोत याचा तिला थोडा अभिमानही वाटला, आणि अभिमान वाटल्याचा राग आला. तिचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं होतं. फुफ्फुसात राखणीला बसलेल्या काही पेशी असतात. रोग घुसला की त्या पेटून उठतात, हाका मारतात, आणखी पेशी गोळा करतात. इथपर्यंत ठीक. पण काही वेळा रोग मरून जातो आणि या पेटलेल्याच राहतात. मग ज्याची राखण करायची त्यालाच जाळत सुटतात. फुफ्फुसं आपल्याच पाण्यानं भरतात आणि माणूस कोरड्या खाटेवर बुडून मरतो. या पेशींच्या आत निरोप फिरत असतात, काय बनवायचं, किती बनवायचं याचे, आरएनएचे लांबलचक निरोप. त्या निरोपांवर एक बारीकशी खूण लागते. अक्षर बदलत नाही, मजकूर बदलत नाही, नुसता एका अक्षराच्या अंगाला चिमूटभर कार्बन चिकटतो. पण वाचणारा ती खूण बघून वाचतो. एकजण ती बघून निरोप फाडून टाकतो, दुसरा तोच निरोप जपून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा वाचत बसतो. एकदा पोळलेली पेशी तर पुढचा साधा निरोपही आगीचाच म्हणून वाचते. सुकन्याची सगळी उमेद त्या खुणेवर खर्ची पडली होती. ती खोडली तर पेशी थंड होतात का? उंदरांत होतात. निदान काही वेळा, निदान तिच्या हातून. यातलं एक अक्षर तिच्या बापाला कधी कळलं नाही, आणि कळावं अशी त्याला कधी गरजही वाटली नाही.

नांदेडहून कंधारमार्गे गावाकडे, जळकोटला जाणाऱ्या गाडीत तिला खिडकी मिळाली. लातूरला आणलंय म्हणजे मयत घरी जळकोटलाच आहे, हे उघड होतं. दवाखान्याचं नाव फोनवर घ्यायचं असतं, माणूस अंगणातच असतो. फोन थरथरू लागला, हरिओमचाच. तिनं घेतला नाही. त्याला पुन्हा एकदा खोटं बोलायला कशाला लावायचं? नंतर मायचा आला, तोही घेतला नाही. माय फोनवर रडली असती आणि भरल्या गाडीत आपल्यालाही रडावं लागलं असतं. तिनं आवाज बंद करून फोन पर्सच्या तळाला टाकला आणि बाहेर बघत बसली. रानात तुरी उभ्या होत्या, मध्येच उसाचा एखादा हिरवा तुकडा, मग पुन्हा करडे माळ. रडू आलं नाही. आलं ते भलतंच. आता कुणी एक्स-रे दाखवणार नाही, असं मनात आलं, आणि छातीवरचं ओझं खरोखरच उतरल्यासारखं झालं.

कारण बापू, म्हणजे शेषेराव, सगळ्या तालुक्यात सांगत फिरत, पोरगी फुफ्फुसाची डॉक्टर हाय नांदेडला. बारावीला तिचा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला, तेव्हा हा माणूस तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलला नव्हता. मारलं नाही, ओरडला नाही, नुसता नजर चुकवून जेवत राहिला. मग ती सूक्ष्मजीवशास्त्राला गेली, धडपडत पुढे शिकली, पीएचडी झाली आणि नावापुढे डॉक्टर लागलं. लागल्याबरोबर बापूंनी जळकोटच्या चौकात फ्लेक्स लावला. डॉ. सुकन्या शेषेराव यांचे हार्दिक अभिनंदन. फ्लेक्सवाल्यानं आपल्या अकलेनं तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप घातला होता. तिनं म्हटलं, "बापू, हे खोटं आहे." ते म्हणाले, "लोकाला काय कळायलंय? डॉक्टर म्हंजी डॉक्टर." पुढे तो फ्लेक्स सोयाबीनच्या ढिगावर झाकायला गेला, पण डॉक्टरकी गेली नाही. ती घरी आली की अंगणात माणसं बसलेली. कुणाचा दमा, कुणाच्या बापाचा टीबी, कुणी सुनेची आणलेली एक्स-रेची फिल्म. ती उन्हात फिल्म धरायची आणि काहीतरी म्हणायची, मोठ्या डॉक्टरला दाखवा. बापू शेजारी खुर्चीवर ताठ बसलेले. मागच्या खेपेला तिचा तोल गेला. चार माणसांत ती म्हणाली, "मी उंदरांची डॉक्टर आहे. माणसांचं मला काही कळत नाही." कुणीतरी हसलं. बापूंनी खुर्ची उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. आपण एवढं काय ते केलं, त्याच्याकडे या माणसानं एकदा तरी नीट बघावं, काय करतेस गं तिथं, असं एकदा विचारावं, एवढीच तिची इच्छा होती. आता ते विचारणार नव्हते. ते जिंकले, असं तिला वाटलं. मरून बसले आणि जिंकले. मग तिला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातही तो हलकेपणा होताच, काही केल्या जाईना.

जळकोटला उतरल्यावर तिनं ओढणी डोक्यावरून घेतली. मयताला जाणाऱ्या बाईसारखी, खाली बघत, रिकाम्या हातानं चालू लागली. यावेळी मोसंब्या नव्हत्या. चौकात पानटपरीवाला म्हणाला, "अक्का, आज कसं काय?" आणि चक्क हसला. तिनं त्याच्याकडे तुच्छतेनं बघितलं. पण पुढे किराणा दुकान उघडं, पिठाची गिरणी चालू, कोपऱ्यावर पत्ते खेळणारी माणसं पत्ते खेळतायत. गल्लीत वळली, तर टॉवेल बांधून बसलेले पुरुष नाहीत, बायांचा आवाज नाही. दाराला कुलूप होतं. अंगणात कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्यापाशी शेजारची पंचशीला देठं खुडत बसली होती.

"अव्वो, अक्का, तुमी हिकडं कामून?" पंचशीला उठून उभी राहिली. "समदे लातूरला हायत की."

"बापू?"

"ते बी तिथंच. दवाखान्यात. ताप आल्ता न्हवं, आठ दिस हितंच सलाइन लावली, मग दम लागाया लागला. आत्ता फोन झाला माझा तुमच्या मायसंगं. डॉक्टर म्हणायलाय नळी टाका, मशीन लावा, आन् बापू काय ऐकनात. माझी पोरगी यायलीय, ती म्हणली काही करू नका, तिला येऊ द्या म्हणायलेत." मग तिचा चेहरा बघून ती थांबली. "काय झालं ओ?"

सुकन्या मिरच्यांच्या कडेला खाली बसली. पर्स उपडी केली, फोन काढला. हरिओम, हरिओम, माय, हरिओम, एक अनोळखी नंबर, पुन्हा हरिओम. तिनं फोन लावला आणि तो लागताच ओरडली, "हरी, नळी टाकायला सांग! आत्ताच्या आत्ता!" हरिओम रडायच्या बेतात आला होता. "अगं कुठं हायस तू? सकाळधरनं डॉक्टर इचारून इचारून गेला. आमी सही दिली न्हाई. तूच म्हणलीस ना, काही करू नका. म्हणलं तुला काही म्हाईत असल, नळीनं काही वंगाळ होत असल." "मी तसं नव्हते म्हणाले." "मग कसं म्हणली हुतीस?" याला तिच्याकडे उत्तर होतं आणि ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "आता सांग त्यांना. मी सांगितलंय म्हणून सांग." तो आत गेला असावा. बराच वेळ नुसती यंत्रांची टीटी ऐकू येत राहिली. मग त्याचा आवाज आला, "न्हाई म्हणायलेत. फोनवरचं काय खरं, म्हणायलेत. पोरीला येऊन बघू दे, मग काय करायचं ते करा. हात झटकायलेत अक्का, कुणाला जवळ येऊ देईनात."

ग्यानोबाची जीप मिळाली. ग्यानोबा पंचशीलाचा नवरा, लग्नाची भाडी मारणारा, रस्ता पाठ असलेला माणूस. तो गाडी हाणत होता आणि ती पुढच्या सीटवर दोन्ही हातांनी दांडा धरून बसली होती. सकाळीच एक प्रश्न विचारायचा होता. हरी, जिवंत आहेत का? चार शब्द. पण ते या मुलखात कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे अभद्र बोलणं, बापाच्या मरणावर टपून बसणं. तिनं कधी कुणाला विचारताना ऐकलं नव्हतं, आणि एवढं शिकून तिलाही ते विचारता आलं नव्हतं. दिवसभर ती लोकांना शिकवते, पुरावा काय, नियंत्रण-गट कुठाय, दुसरी शक्यता तपासली का? आणि बापाला तिनं एका शब्दावर मयत ठरवलं, गाडीत बसून हिशेब मिटवले, हलकं होऊन घेतलं. बापूंच्या छातीत काय चाललं असेल हे तिला ग्यानोबाच्या गाडीतल्या प्रत्येक माणसापेक्षा जास्त माहीत होतं, आणि गाडीत ती आणि ग्यानोबा दोघंच होते. जिवाणू कदाचित औषधांनी कधीच मेले असतील. राखणीच्या पेशी अजून तोच निरोप वाचत असतील, आग लागली, आग लागली. प्रत्येक तासाला थोडं पाणी चढत असेल, फुफ्फुसातले हवेचे फुगे मिटत असतील, बरगड्यांचे स्नायू थकत असतील. हे तिनं चित्रांनिशी छापलं होतं. चाकूरच्या फाटकावर गाडी थांबली, मालगाडी संपता संपेना. ती खाली उतरली आणि फाटकाच्या दांडीवर मूठ आपटत राहिली, तेव्हा ग्यानोबा म्हणाला, "अक्का, बसा गाडीत. तुमी डॉक्टर मानसं, तुमीच असं केल्यावर आमी काय करावं."

दवाखान्याच्या जिन्यात माय भेटली. तारामती एरवी बोलकी बाई, पण आता तिनं नुसती लेकीची मनगटं धरली आणि म्हणाली, "आली बघ. आली आता." सुटल्यासारखा आवाज होता. तिच्या मागे हरिओम, दाढी वाढलेला, अक्काच्या तोंडाकडे बघत. दोघांच्याही डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

अतिदक्षता विभागात बापू उशीला टेकून बसवलेले होते. पट्ट्यांनी आवळलेला मास्क, त्यातून सूं सूं हवा, मानेचे दोर दर श्वासाला ताणलेले, ओठ जांभळे. तो रंग तिनं फार वेळा पाहिला होता, फार लहान प्राण्यांच्या ओठांवर. तिला बघून त्यांनी मास्क एका हातानं वर उचलला. "आलीस," ते म्हणाले, आणि दोन शब्दांच्या मध्ये एवढं थांबावं लागत होतं की नर्स धावली. "हे बघा... हीच... माझी डॉक्टर." शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या मुलाला त्यांनी बोटानं दाखवून दिलं. नर्सनं मास्क परत बसवला.

तरुण डॉक्टर आला. त्याला दिवसभरात झोप नसावी. तो तिच्याकडे वळला आणि बापूंसमोर नको, किंवा आपल्याच व्यवसायातली आहे म्हणून, इंग्रजीत बोलू लागला. मॅडम, सकाळी नळी टाकली असती तर आशा चांगली होती. दुपारीही ठीक होतं. आता रक्तातला प्राणवायू इतका खाली आहे की नळी टाकतानाच हृदय थांबू शकतं. टाकली नाही तर रात्र निघणार नाही. टाकली तरी यातून ते परत जागे होतील असं मला वाटत नाही. तुम्ही कुठल्या आधारावर थांबायला सांगितलंत? मला फक्त समजून घ्यायचंय. तो उद्धट नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, हिच्याकडे काही नवीन ज्ञान असेल तर.

आणि सुकन्यानं सगळं सांगितलं, तितक्याच नीट इंग्रजीत. मी वैद्यकीय डॉक्टर नाही. मी उंदरांवर काम करते. ते गेले असं मी समजले, माझ्या बोलण्याचा अर्थ अंत्यविधीसाठी थांबा एवढाच होता. सकाळी मी फोन घेतले नाहीत. मी आधी गावी गेले. ही माझी चूक आहे. बोलताना तिचा आवाज कापला नाही. वाक्यं अशी एकामागून एक येत होती जणू परिषदेत उभी आहे. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला, मग त्यानं नजर खाली घातली.

बापूंची नजर एकदा तिच्याकडे, एकदा डॉक्टरकडे जात होती. श्वास असा तुटत असतानाही चेहऱ्यावर समाधान पसरत होतं, तिला ते स्पष्ट दिसलं. पोरगी थांबत नव्हती, अडखळत नव्हती, मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला इंग्रजीत ऐकवत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता. त्यांनी हरिओमकडे बघून भुवया उंचावल्या. बघ, असं.

"तयारी करतो," डॉक्टर मराठीत म्हणाला. "औषध दिलं की शुद्ध जाईल. काही बोलायचं असेल तर आत्ता बोलून घ्या."

ती वाकली. बापू, मी चुकले, असं ओठांपर्यंत आलं होतं. बापूंनी मास्क पुन्हा सरकवला. "झालं का," त्यांनी विचारलं, "तुमचं... दोघा डॉक्टरांचं... बोलणं?"

"झालं, बापू."

"काय... ठरलं?"

"नळी टाकायची."

त्यांनी मान हलवली. तिच्या तोंडून ऐकायचं होतं, ते ऐकून झालं. नर्सनं पट्ट्या सोडल्या, डॉक्टर उशाशी जाऊन उभा राहिला. अजून औषध टोचलंही नव्हतं, पण शेषेरावांनी डोळे लेकीवर ठेवले आणि आपण होऊन तोंड उघडलं.